दीड तासाच्या मागून आलेला उमाजी

उमाजीभाऊ बंगलोरहून विमानाने घरी आले त्याला चार महिने होत आले होते, आणि ते अजून पोचले नव्हते. असं ते स्वतःच सांगत. मला असल्या बोलण्याचा राग येतो. मी चैतू, त्यांचा शेजारी. आमचा दोघांचा धंदा एकच, वैनगंगेत मासे धरायचे आणि कोणी आलं तर डोंग्यातून पार न्यायचं.

आमच्याकडे गावाची सीव ओलांडताना तिथल्या देवापाशी एक काडी टाकतात. तुझ्या हद्दीतून जाऊ दे बाबा, एवढंच. भाऊ यात फार कडक. लेकीकडे, डिंपलकडे जाताना रेल्वेने गेले, तर खिडकीतून गावागावाला काड्या टाकत गेले. डब्यातले लोक हसले म्हणे. येताना डिंपलने विमानाचं तिकीट काढलं. "बाबा, रेल्वेचा फेरा कायले? विमान सरळ जाते. दीड घंट्यात नागपूर." भाऊंनी खिसा काड्यांनी भरला, पण विमानाची खिडकी उघडेना.

घरी आले, जेवले, झोपले. पण माणूस ठिकाणावर नाही, हे कुंतावहिनीला पहिल्याच दिवशी कळलं. हाक मारली तर ते उशिरा बघत, आणि तेही बायकोकडे नाही, तिच्या पलीकडे कुठेतरी.

"वरून आलो ना मी," ते मला म्हणाले. "सीवेवर कोनाले विचारलं नाई. त्यायनं मले तिथीच ठेवून घेतलं. आता पायी येऊन राह्यलो."

पुढे एकदा म्हणाले, आदिलाबाद मागं पडलं. मी म्हणालो, "भाऊ, यष्टी पकडा ना." ते हसले नाहीत. खाणींच्या राजुऱ्याचं नाव काढलं त्या दिवशी मात्र दिवसभर खोकत राहिले. थुंकी कोळशासारखी काळी होती. मी ती डोळ्यांनी पाहिली, आणि माझी थट्टा संपली.

डॉक्टर म्हणाले, वय झालं. वहिनी माझ्याकडे येऊन बसली. "चैतूभाऊ, मले माहा मानूस पाह्यजे. हा तं कोनाचा पाहुना बसला हाये घरी."

मग एका दुपारी ती धावत घाटावर आली. भाऊ खाटेवरूनच म्हणाले होते, पल्याड उभा हावो, न्यायले कोनी नाई. त्यांच्या खिशातल्या सगळ्या काड्या तिच्या मुठीत होत्या. मी चिडलोच, पण डोंगा सोडला.

पलीकडे चिखल होता आणि एक बगळा. वहिनीने काड्या सीवेच्या देवापाशी ठेवल्या, हात जोडले आणि रिकाम्या काठाला म्हणाली, "बसा."

डोंगा मागून खाली दबला. बगळा उडाला. पाणी डोंग्याच्या काठाला लागायला बोटभर उरलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मान न वळवता मी वल्हवत राहिलो, आणि तिघांचं वजन ओढून दुखावेत तसे हात दुखले.

घरी भाऊ खाटेवर बसले होते. आम्ही दारात येताच ते जरा सरकले, कोणाला तरी जागा करून द्यावी तसे. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ वहिनीकडे पाहिलं.

"किती वाळली व तू," ते म्हणाले.

वहिनी उंबऱ्यावरच बसून रडायला लागली.