एक बाय एकचा मॅट्रिक्स

आमच्या रविवारच्या वर्गातले किस्से कुणी लिहून ठेवत नाही. सगळ्यांच्या वह्या आबांच्या नोट्सनी भरलेल्या. मी वही ठेवत नाही, म्हणून किस्से माझ्याकडे साचलेत.

वर्ग मेहरूणला, एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. आबा गणिताचे रिटायर्ड प्रोफेसर. फुकट शिकवतात, आणि त्या बदल्यात कुणी तोंड उघडू नये अशी अपेक्षा ठेवतात. मी इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. तिथल्या सरांना एकदा विचारलं, "हे असं का?" ते म्हणाले, "‘का’ला मार्क नसतात." दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही.

*

एकदा दुकानाचे शेठ चहा घेऊन वर आले. फळ्यावर एका मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकटीची, फोड करून दोन मॅट्रिक्स करणं चाललं होतं.

"हे दोन परत गुणले की काय मिळतं?"

"जे आधी होतं तेच, शेठ," आबा म्हणाले.

"मग फोडलं कशाला?"

आबांच्या कपाळावर आठ्या. यावलची ज्योती म्हणाली, "केळीचा अख्खा घड एकट्याला पेलत नाही, शेठ. फण्या सुट्या केल्या की कुणीही नेतो."

"गणितात केळी आणू नका," आबा म्हणाले. त्या दिवशी वर्गात शेठ एकटेच समजून खाली गेले.

*

ज्योतीला पीएच.डी.ला जायचं होतं. आबांच्या शिफारसपत्राशिवाय अर्ज पुरा होत नव्हता, आणि पत्र मिळणार होतं रविवारी, वर्ग सुटल्यावर.

बुधवारी तिनं मला नोट्सचं चौदावं पान दाखवलं. ‘कोणताही चौरस कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स हा दोन हर्मिशियनचा गुणाकार असतो.’

"चूक आहे. हर्मिशियन नाही, सिमेट्रिक पाहिजे, तो वेगळा प्रकार. कॉम्प्लेक्स दिसलं की आबा सवयीनं हर्मिशियन लिहितात."

"मग सांग की."

"पत्र मिळालं की सांगते."

"म्हणजे म्हातारपणी तूही आबाच होणार, पोरांना गप्प बसवणारी."

शनिवारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

*

रविवारी आबांनी नेमकं तेच वाक्य डिक्टेट केलं. सगळे मुकाट लिहीत होते. ज्योती उभी राहिली.

"आबा, एक बाय एकचा मॅट्रिक्स घेऊ का? आत फक्त i."

"एवढासा?"

"एक बाय एकचा हर्मिशियन म्हणजे साधी रियल संख्या. दोन रियल गुणून काल्पनिक i कसा येईल?"

आबांनी फळ्यावर i लिहिला आणि त्याला कंस घातला. मी मनातल्या मनात पत्रावर पाणी सोडलं.

मग त्यांनी मोबाईल काढला. धुळ्याला त्यांचा जुना विद्यार्थी आता स्वतः प्रोफेसर आहे, आबांच्याच नोट्स शिकवतो; त्याच्याशी आबा अहिराणीत बोलतात.

"अरे, मन्या नोट्स शिकाडस ना अजून? चौदावं पान काढ. चूक शे. बठ्ठा पोरेसले सांग." सगळ्या पोरांना सांगायचं म्हटल्यावर त्यानं पलीकडून विचारलं, चूक सापडली कशी. "मी नही काढी चूक. यावलनी पोर शे. थांब, तीच सांगी."

फोन ज्योतीच्या हातात दिला. ती समजावत असतानाच आबांनी खिशातून पत्राचं पाकीट काढलं आणि सरळ फाडलं. ज्योतीनं फोन कानापासून दूर धरला.

"यात मी ‘आज्ञाधारक’ लिहिलं होतं," आबा म्हणाले, आणि नव्या पत्रासाठी मला खाली शेठकडून कोरा कागद आणायला सांगितला.