थोरल्या भावाचा जोहार

नोकरीला मी उशिरा लागले; लिहायला तर त्याहून उशिरा बसते आहे. जमेल तसे सांगते.

अहेरीकडच्या आमच्या दवाखान्यात एका सकाळी एक गोंड गृहस्थ दाखल झाला. मोहफुले वेचताना छातीत कळ येऊन तो खाली बसला होता. बायकोने त्याला गाडीत घालून आणले. ईसीजी पाहून डॉक्टरांनी औषधे दिली, चंद्रपूरला हलवायचे ठरवले आणि मला बजावले, की रुग्णवाहिका येईपर्यंत याला उठू द्यायचे नाही. परिचारिकेसाठी असा आदेश हा सल्ला नसतो. रुग्ण उठून कोसळला असता, तर कायद्यापुढे उत्तर मला द्यावे लागले असते.

थोड्या वेळाने त्याचा थोरला भाऊ दुपट्ट्याने घाम पुसत आला. मी दारातच उभी राहिले.

“एकदा तोंड पाहतो, बाई. बोलत नाई.”

“तुम्हाला पाहून ते उठतील का, भाऊ?”

तो हसला. “उठंल ना. लहान होय तो. सोताच्या लग्नात मले पाहून मांडवातून उठला होता. नवरी एकटीच बसून राह्यली.”

थोरला आला की धाकट्याने उठून, वाकून जोहार करायचा, ही त्यांची रीत. “मग आत जाऊ नका,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा सांगावे लागले. तो व्हरांड्यात जाऊन बसला.

आत रुग्णाने विचारले, “दादा आला काय?”

खोटे मला बोलवेना आणि खरे ऐकून तो उठला असता. “पडून राहा,” एवढेच मी म्हटले.

स्ट्रेचर बाहेर काढले, तेव्हा मी काही सांगण्याआधीच भाऊ खांबाआड झाला. तिथूनच त्याने धाकट्याला पाहिले. बायको गाडीत चढली. तुम्हीही बसा, असे मी त्याला हळूच सुचवले.

“मी बसलो तर तो पडून राहणार नाई, बाई.”

आष्टीच्या पुढे रुग्ण वाटेतच गेला. “सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही,” डॉक्टर म्हणाले. ते खरेच होते.

काही दिवसांनी भाऊ, रुग्णावर पांघरलेले दवाखान्याचे ब्लँकेट धुऊन परत द्यायला आला.

“त्यानं मले विचारलं होतं काय?”

“हो.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“पडून राहा म्हटलं.”

तो ब्लँकेटची घडी सारखी करत राहिला. “मंग दादा आला नाई, असंच समजून गेला तो.”

मी ब्लँकेट हातात घेतले. त्याची एक कड अजून ओली होती.