सही नको, बोटं द्या

एकोणीसशे एकोणऐंशी साल. माझं वय सत्तेचाळीस. कर्वेनगरात तेव्हा आमची शेती होती. आम्ही सगळे वावरात असताना कुणीतरी कडी उचकटून काचेच्या कपाटातली माझी चांदीची गदा नेली. तरुणपणी कुस्ती मारून मिळवलेली. तिच्याकडे बघितलं की शाळेत न गेल्याचं मला काही वाटत नसे.

पोलीस म्हणाले, उद्या ठसे घेणारे साहेब येतील. साहेब येणार म्हटल्यावर बायकोनं घर सारवलं, कपाट पुसून लख्ख केलं, दारात रांगोळी काढली. उरलीसुरली कसर भावकीनं भरून काढली. जो येई तो कपाटाच्या काचेवर पंजा टेकवून विचारी, "हितनंच नेली व्हय?"

साहेब नारायण पेठेतले. रांगोळी बघून म्हणाले, "वा! चोराचं स्वागत जरा उशिरा केलंत."

मग ब्रशनं करडी पूड फिरवायला लागले. बाहेरच्या काचेवर सगळी भावकी उमटली. आत मात्र बायकोचं फडकं पोचलं नव्हतं.

"आत हात कोण घालतं?"

"मी आणि ही."

"मग दोघांचे ठसे द्या. तुमचे वजा केले की उरेल तो चोर."

बायकोनं मेंदी काढून घ्यावी तशी दहाही बोटं पुढं केली. मी हात मागं बांधले. प्रौढांच्या वर्गात पाटी घासघासून मी सही शिकलो होतो. अंगठ्याला पुन्हा शाई लावणार नाही, अशी शपथ घेतली होती. रेशनच्या दुकानात ही अंगठा उठवायला गेली की मी "सरक, अंगठेबहाद्दर" म्हणून तिला बाजूला सारी, आणि खिशातलं पेन काढून सही ठोकी.

"साहेब, आपण सही करतो. पाहिजे तर दहा वेळा करतो."

"पैलवान, कपाटात काय सही करून ठेवलीय तुम्ही?"

बायको फस्सकन हसली. "अहो, गदा पायजे का न्हाई? का आता चोराचीबी सही घेताय?"

गदा तर पाहिजेच होती. मी म्हणालो, "आधी सही करीन. मग बोटं."

"करा. कागदावर जागा आहे. एका ओळीत बसवा म्हणजे झालं."

बसली नाही. आडनाव समासात गेलं.

मग त्यांनी माझं एकेक बोट धरून शाईत लोळवलं. आखाड्यात कुणाला माझा हात असा वळवता आला नव्हता.

आमचे ठसे वजा करून एक परका अंगठा उरला. तो पोलिसांकडच्या जुन्या चोरांच्या कागदांत निघाला. महिन्याभरानं साहेब स्वतः गदा घेऊन आले.

"वहिनींचे ठसे अगदी छापल्यासारखे आले. चोराचा अंगठा त्यांच्याच बोटांत मिसळला होता, पण त्यांचे ठसे स्वच्छ म्हणून तो वेगळा काढता आला. तुमचे सगळे फरपटले. हात आखडलात ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेशनला गेलो. दुकानदार माझंच ऐकून शिकलेला. हिला म्हणाला, "या, अंगठेबहाद्दर!"

पेन मी खिशातच ठेवलं. शाईची डबी हिच्यापुढं सरकवली.

"दादा, या बोटांनी चोर धरून दिलाय. जरा जपून बोला."