कांबळेकाकांच्या नावापुढची लाल रेघ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच धड कळत नाही.

बिबवेवाडीत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं ऑफिस. गोडाऊन धायरीला, ते कांबळेकाका सांभाळायचे. कुठला वॉशर कुठल्या रॅकवर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. सगळ्या नोंदी ऑनलाइन करू, मालकांना मोबाईलवर आलेख दिसतील, चूक कुणाची ते लगेच कळेल — हा हट्ट माझा. माल पाठवायची नोंद फक्त काकांच्या लॉगिनवरून व्हायची. मी अडू नये म्हणून त्यांनी मला पासवर्ड देऊन ठेवला होता. मालकांना हे माहीत नव्हतं.

चार महिन्यांनी मालकांनी मीटिंगमध्ये आलेख भिंतीवर लावला. चुकीचा गेलेला, परत आलेला माल — काकांच्या नावापुढे ही लांब लाल रेघ. मी तारखा पाहिल्या. त्यातल्या बहुतेक नोंदी माझ्या होत्या. फोन कानाला लावून, घाईघाईत केलेल्या.

"काय कांबळे, वय झालं वाटतं," मालक म्हणाले. सगळे हसले. मी? मीही हसले.

काका भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडमनी बसवलंय म्हणजे बरोबरच असणार. मलाच विसरायला होतंय."

तेव्हा एक वाक्य बोलायला काय जात होतं माझं? नोकरी गेली नसती. फार तर मालकांचा एखादा टोमणा — त्याला भ्याले मी. इतकी भित्री आहे मी.

दिवाळीआधी काकांनी स्वतःहून काम सोडलं. मग मी माझ्या स्वतःच्या लॉगिनवरून जपून नोंदी करायला लागले आणि चुकांची रेघ आखडली. मालकांनी माझी पाठ थोपटली — ती मी थोपटून घेतली.

यंदा बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे विश्रांतवाडीला गेले. काकू हळूच म्हणाल्या, हे आता एकटे बाहेर पडत नाहीत, रस्ता विसरेन म्हणतात. शर्टाच्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण ह्यांना पटत नाही.

काका आतून खिरीची वाटी घेऊन आले. खिशातून चिठ्ठीचं टोक दिसत होतं.

"तुम्हाला जायफळ चालत नाही ना," ते म्हणाले, "तुमची वेगळी काढून ठेवली."

हे मी कधीतरी, सात-आठ वर्षांपूर्वी, डब्याच्या वेळी सहज बोलले असेन. मी वाटी संपवली. तेव्हाही काही बोलले नाही.