अकरा जणांची आखणी

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता गॅलरी आहे. तिथल्या भविष्यकाळावरच्या प्रदर्शनात मला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. मी प्लास्टरची पुरुषभर उंचीची अकरा माणसं केली. छातीवर बारकोड, डोळ्यांच्या जागी नुसतं गुळगुळीत. यंत्रांनी माणसाचं काय करून ठेवलं, ते मला दाखवायचं होतं.

बाबांचा भोईवाड्यात गणपतीचा कारखाना. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना सांधे बुजवायला बोलावलं आणि स्वतः माहितीच्या पाट्या छापून आणायला गेले. परतले तर अकराही जण माझ्याकडे बघत होते. बाबांनी डोळ्यांची आखणी करून टाकली होती.

मूर्तीचे डोळे आमच्याकडे शेवटी रंगवतात आणि ते काम घरातल्या मोठ्या माणसाचं. पण हात थरथरायला लागल्यापासून दोन वर्षं बाबांनी कुंचला धरला नव्हता.

"बाबा, हे काय केलंत?"

"बिनडोळ्यांची मूर्ती कधी भायर गेली हा काय गो?"

मी चिडलेच होते. तेवढ्यात प्रदर्शन मांडणाऱ्या बाई आल्या आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सगळा कॉन्सेप्टच गेला. या भविष्यात माणूस उरलेलाच नाहीये. तासाभरात हे पांढरं करा, नाहीतर तुमचं काम काढावं लागेल."

बाबांनी मान खाली घातली. पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि पहिल्या चेहऱ्यापाशी गेले. माझी संधी जाऊ नये म्हणून. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"डोळे राहतील," मी बाईंना म्हटलं. "आम्ही गिरणगावातली माणसं उरणार नाही, हे याच आवारात आम्हाला एकदा सांगून झालंय. गिरणी बंद झाली तेव्हा. उरलोय की."

संध्याकाळी अकराही जण टेम्पोत उभे करून बांधले. सिग्नलला थांबलो की माणसं त्यांच्याकडे बघायची आणि ते माणसांकडे. प्रदर्शन हातचं गेल्याचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच केलं असतं.

बाबा सारखे मागे वळून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "चौथ्याचो डावो डोळो तिरपो झालो हा. कारखान्यात गेल्यावर सारखो करतंय."

मला तो गॅलरीच्या दारातूनच दिसला होता.

"हात लावू नका त्याला," मी म्हटलं. "नीट बघतोय तो."