डोरलीचा धूर

अकोले तालुक्यातल्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळ्यात माझी खालची दाढ अशी ठणकायला लागली की दोन दिवस मी नुसता फळ्याकडे तोंड करून उभा होतो. शेवटी शाळेच्या क्लार्कने मला मोटारसायकलवर घातलं आणि आपल्या सासूकडे नेलं. डोरलीचा धूर देऊन दाढेतली कीड पाडण्यात या मावशींचा हातखंडा.

डोरली ही वांग्याची काटेरी बहीण. बांधावर कमरेएवढी वाढते, फुलं जांभळी, फळं पिवळी, बोराएवढी. तिची मुळी दशमुळात जाते, खोकल्यावर काढा देतात, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. दाढेचं मात्र पुस्तकात नव्हतं.

"तोंड उघडा, मास्तर."

पाण्याच्या ताटात तापलेलं खापर, त्यावर तेलातलं डोरलीचं बी, वर उलटं नरसाळं आणि नरसाळ्याचं टोक माझ्या तोंडात. डोळ्यांतून, नाकातून, जिथून शक्य तिथून पाणी आलं. क्लार्क मोबाईलवर शूटिंग करत होता. मग मावशींनी ताट पुढे केलं. पाण्यात सहा पांढऱ्या, वाकड्या, चिमुकल्या अळ्या.

"बघा, काय काय पाळलं हुतं!"

आणि ठणका खरंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मी त्या अळ्या मायक्रोस्कोपखाली घातल्या. डोकं नाही, पाय नाहीत. डोरलीचं कच्चं बी चिरलं, तर आतला कोंब तस्साच वाकडा. शाळा सुटल्यावर मी तडक मावशींकडे गेलो.

"मावशी, ही कीड नाहीच. बियांचे कोंब आहेत."

"मंग? मला म्हाईत न्हाई व्हय?" त्या शेंगा सोलत होत्या. "पर मानसाला कायतरी पडल्यालं दिसावं लागतं. ऱ्हायलं का दुखायचं?"

"काल राहिलं. आज पुन्हा सुरू."

"मंग दवाखान्यात जावा की. दाढ सडलीया तुमची. मला कालच वास आल्ता."

"मग कालच का नाही बोललात?"

"जावयानं आनलं हुतं. त्याच्या म्होरं न्हाई कसं म्हनायचं?" मग आवाज एकदम खाली आला. "मला बी न्या संगं. माझी बी डावीकडची दाढ दोन म्हैनं ठनकतीया. जावयाला सांगू नगा."

शनिवारी दोघं एसटीने संगमनेरला दातांच्या दवाखान्यात गेलो. त्यांचा नंबर आधी लागला. आतून किंकाळी आली, ती डॉक्टरांची. मावशींनी बोट चावलं होतं.

परतताना दोघांच्या तोंडात कापसाचे बोळे. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो, तर समोर क्लार्क. मावशींनी पदर तोंडाला लावला, मी रुमाल.