फोनला गळा कुठं असतो?

शिला आणि मी हिंगोलीच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. एका जागी कधी टिकली नाही. बोलतानाही चपलेनं माती उकरायची. बी.ए.नंतर तिला विद्यापीठाच्या एका अभ्यासात काम मिळालं. फोन आल्यापासून माणसांचं बोलणं कसं बदललं, हे विचारत ती जीपनं गावोगाव फिरे. सन नव्याण्णव.

त्याच वर्षी तिच्या आईचं, भिकाबाईंचं, बहिणीशी बिनसलं. तेही फोनवरून. मोतीबाई मावशी पुण्याला बांधकामावर. तिनं तांड्याजवळच्या गोरेगावच्या एसटीडीवर फोन करून बहिणीला बोलावून घेतलं. भिकाबाई "बरी हाय, ठेवते" एवढंच बोलल्या. तांड्यावरच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून सुरात रडतात. मग बोलतात. कोरडं बोलणं परक्याशी. मावशीनं निरोप धाडला: रणजीतच्या लग्नाला येणार नाही. रणजीत शिलाचा भाऊ. लग्न तोंडावर आलेलं. भिकाबाईंना अन्न गोड लागेना.

"याडी, काहून रडली न्हाईस?" शिलानं आईला विचारलं.

"बाजारात? बाप्यांसमोर? अन् फोनला गळा कुठं असतो गं?"

"माझा धर. पण रड."

आम्ही तिघी एसटीडीवर गेलो. मावशी फोनवर आली. भिकाबाईंनी पदर ओढला, शिलाच्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावला. दुकानदार तातेरावांना वाटलं, कुणीतरी गेलं. त्यांनी हळूच रिसीव्हर काढून घेतला, जागेवर ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा माय. कोण गेलं?"

"कोणीच न्हाई!" शिला ओरडली. "आता तुमी जाताल!"

पुन्हा नंबर फिरवला. लागेना. परत. लागेना. "अर्ध्यात तोडलं. आता काय येती मावशी!" म्हणत शिला दुसऱ्या एसटीडीकडे पळाली.

तेवढ्यात इथली घंटी वाजली. तातेरावांनी फोन उचलला आणि कानापासून लांब धरला. पलीकडून रडणं. भिकाबाईंनी रिसीव्हर घेतला, शिलाला शोधलं, मग माझाच गळा धरला. त्यांच्या बांगड्या मानेला रुतत होत्या. माझ्या गळ्यात असं कुणी कधी पडलं नव्हतं. हात कुठं ठेवायचे, मला कळेना.

एकाएकी त्या थांबल्या. नाक पुसलं.

"हां, सांग. कोणत्या गाडीनं येतीस?"

शिला धापा टाकत परतली. "येती का?"

मी मान हलवली.

"अभ्यासातले सर म्हणतात, कामाचं बोलणं तेवढं मोजणीत धर," ती म्हणाली. "यातलं कोणतं धरू?"

भिकाबाईंनी हातानंच तिला गप्प केलं. पलीकडून मावशी भांडत होती. अर्ध्यात फोन काहून ठेवला म्हणून.